रस्ता ओलांडणाऱ्याचा धीर



आपल्या मराठी भाषेत एकाच गोष्टीबद्दल दोन परस्परविरुद्ध उपदेश अगदी सुखाने शेजारी नांदतात. घाटाच्या वळणावर पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. आणि तो घाट उतरून गावात आले की एखाद्या दुकानाच्या नाहीतर शिकवणीवर्गाच्या भिंतीवर दुसरी पाटी भेटते, 'थांबला तो संपला'. माणसाने ऐकावे तरी कोणाचे? घरात स्वस्थ बसून विचार करणाऱ्यास दोन्ही वचने सारखीच खरी वाटतात, कारण त्याच्या अंगावर काही धावून येत नसते. पण जो माणूस भाजीची पिशवी हातात धरून भर रस्त्याच्या कडेला उभा असतो, त्याला या दोहोंतून एकाची निवड अर्ध्या क्षणात करावी लागते. आणि ती चुकली तर पुन्हा निवड करण्याची संधी मिळेलच असे नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे : रस्ता ओलांडणाऱ्याचा धीर आणि त्याची घाई. या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या पंक्तीत हा विषय म्हणजे पक्वान्नांच्या ताटातली मिठाची चिमूट वाटेल. परंतु मीठ वाढायचे राहिले म्हणजेच त्याची किंमत कळते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाचा हिशेब केला तर रोज सुमारे नव्वद. म्हणजे आपण येथे तास-सव्वा तास बसून उठू तेवढ्या अवधीत, याच प्रमाणाने, देशात कोठेतरी चार-पाच पादचारी घरी पोहोचायचे राहून जातील. ज्याचा हिशेब असा आहे त्या विषयाला क्षुल्लक म्हणण्याचे धाडस आमच्याच्याने होत नाही.

या मरणांची कारणे शोधू लागले की एक वाक्य हमखास कानी पडते : 'लोकांना धीरच नाही हो!' वर्तमानपत्रातले स्फुट, चौकातला पोलीस शिपाई, मोटारीत बसलेले गृहस्थ आणि ओट्यावर बसलेले आजोबा, सर्वांचे यावर एकमत असते. आम्हांस हे वाक्य जरा तपासून पाहावयाचे आहे. धीर हा माणसाच्या अंगचा गुण आहे. कोणाजवळ तो असतो, कोणाजवळ नसतो, आणि नसेल त्याने तो उपदेशाने कमवावा, अशी त्यामागची समजूत आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. रस्त्यावरचा धीर हा मुख्यतः विश्वासाचा प्रश्न आहे. आपली पाळी येणारच अशी ज्याला खात्री असते तो थांबतो. ज्याला ती नसते तो घुसतो. हे कितपत खरे आहे ते पुढील विवेचनावरून आपणच ठरवावे.

प्रथम आपल्या पुण्याच्याच रस्त्यांकडे पाहू. लक्ष्मी रस्ता असो, टिळक रस्ता असो, अप्पा बळवंत चौक असो की स्वारगेट असो, तेथे घटकाभर उभे राहिले की रस्ता ओलांडणाऱ्यांचे काही ठळक प्रकार नजरेस येतात. पहिला प्रकार हात दाखवणाऱ्याचा. हा हात कोपरात वाकवून तळवा वाहनांकडे करतो आणि नजर सरळ ठेवून चालू लागतो. देवळातल्या मूर्तीचा अभयहस्त आपण पाहिलेला आहे. फरक इतकाच की मूर्ती अभय देत असते आणि हे गृहस्थ ते मागत असतात. दुसरा प्रकार आडोसा धरणाऱ्याचा. हा एकटा कधी निघत नाही. कोणी धिप्पाड इसम किंवा विद्यार्थ्यांचा घोळका निघाला की वाहने ज्या अंगाने येतात त्याच्या पलीकडच्या अंगाला राहून हा त्यांच्या सावलीने पार होतो. तिसरा प्रकार हप्त्याहप्त्याने जाणाऱ्याचा. वाहनांची एक रांग सुटली की तीन पावले, दुसरी सुटली की आणखी तीन, आणि मधल्या वेळात पोट आत घेऊन दोन बसगाड्यांच्या मध्ये उभा. परदेशी पाहुण्याला हे पाहून घाम फुटतो. पण हा माणूस बेफिकीर नसतो, त्याचे सगळे प्राण डोळ्यांत गोळा झालेले असतात. चौथा प्रकार परतणाऱ्याचा. हा दोन पावले पुढे जातो, दचकतो आणि एक पाऊल मागे येतो. त्यामुळे वाहनचालकाचा अंदाज चुकतो आणि त्याचा स्वतःचाही चुकतो.

पाचवा एक प्रकार आहे, पण त्याची गणना कोणी करीत नाही, कारण तो रस्ता ओलांडतच नाही. बहुधा त्याचे वय सत्तरीच्या पुढचे असते. औषधाचे दुकान समोर असते, चिठ्ठी खिशात असते, पाच मिनिटे होतात, दहा होतात, वाहनांचा लोंढा तुटत नाही. शेवटी 'उद्या नातवाबरोबर येऊ' असे म्हणून तो मागे वळतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा धीराचा पुतळा वाटेल. पण तो धीर नव्हे, ती माघार आहे. ज्या गावात माणसे रस्त्याच्या पलीकडे जायचे सोडून देतात, त्या गावाला आणखी धीर धरण्याचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

या पाचही प्रकारांत समान असे काय आहे? घाई समान नाही; पहिल्याला ती असेल, पाचव्याला मुळीच नाही. समान आहे ती एक खात्री : आपल्यासाठी कोणी थांबणार नाही ही. तसे पाहिले तर रस्त्यावर पांढरे पट्टे आखलेले आहेत. २०१७ सालच्या मोटार वाहन चालनविषयक नियमांत पादचाऱ्यांना वाट देण्याचे बंधन वाहनचालकावर घातलेले आहे. कागद स्वच्छ आहे. परंतु प्रत्यक्षात लाल दिवा लागला की दुचाक्यांची पुढची चाके त्याच पट्ट्यांवर विसावतात, आणि दिवा नसेल तेथे पट्टे हे रस्त्याला काढलेल्या रांगोळीसारखे असतात. शोभा आहे, अडथळा नाही. मग पादचारी काय शिकतो? पट्ट्यावर उभे राहिले काय आणि पन्नास पावले अलीकडे उभे राहिले काय, फळ एकच. तेव्हा दुभाजक जेथे तुटला असेल तेथून तो निघतो आणि आपण म्हणतो, पाहा, याला शिस्त नाही. शिस्तीचे काही फळ मिळते असा अनुभवच त्याच्या पदरी बांधलेला नसतो.

कोणी म्हणेल, ही आपल्या लोकांची वृत्तीच आहे. वृत्तीचा प्रश्न निघालाच आहे तर आषाढीच्या पंढरपुराकडे पाहावे. दर्शनाच्या रांगेत माणसे तासांमागून तास उभी असतात. पाय सुजतात, पाऊस येतो, पण रांग मोडत नाही. गणेशोत्सवात आपल्याच शहरात मध्यरात्र उलटून गेल्यावर लेकरे खांद्यावर घेऊन लोक देखावे पाहण्यासाठी ताटकळतात. हीच माणसे दुसऱ्या दिवशी चौकात अर्धे मिनिट थांबत नाहीत. त्यांचा धीर काय घरी विसरला? तसे नाही. पंढरीच्या रांगेतल्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक असतात : रांग हळूहळू का होईना सरकत आहे, आणि तिच्या शेवटी विठोबा आहे. चौकातल्या माणसाला यांतली एकही ठाऊक नसते.

हे आम्ही केवळ भाविकपणाने म्हणत नाही. रस्त्यांचे शास्त्र जाणणाऱ्यांचाही अनुभव असाच आहे. अमेरिकेत रस्त्यांच्या आखणीसाठी प्रमाण मानला जाणारा 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत सांगितले आहे की सिग्नलपाशी पादचाऱ्याला तीस सेकंदांहून अधिक थांबावे लागले की तो अधीर होतो आणि सिग्नल मोडण्याचा संभव फार वाढतो. उलट दहा सेकंदांच्या आत वाट मिळत असेल तर तो बहुधा सिग्नल पाळतो. तीस सेकंद म्हणजे कढत चहा बशीत ओतून तो निवेपर्यंतचा वेळ! येथे हे ध्यानात घ्यावे की तो ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला त्या देशाला आपण शिस्तीचा देश म्हणतो. मनुष्यस्वभाव तेथेही तीसच सेकंद टिकतो. म्हणून चतुर आखणी करणारा अभियंता माणसाला बदलण्याच्या खटपटीस लागत नाही. तो सिग्नलचे चक्र आखूड करतो.

आणि जेथे विश्वासाची जाणूनबुजून थट्टा होते तेथे काय घडते याचेही एक उदाहरण आहे. न्यूयॉर्क शहरात अनेक चौकांत खांबाला एक बटण असे. ते दाबले की पादचाऱ्यासाठी दिवा बदलतो अशी समजूत. २००४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणले की अशा ३,२५० बटणांपैकी २,५०० हून अधिक बटणे कित्येक वर्षांपूर्वीच निकामी करून ठेवलेली होती; सिग्नल संगणकावर चालत होते आणि बटणे नुसती खांबावर होती. लोक ती दाबत होते आणि खाली दिवा बदलण्याची वाट पाहत होते. दाबून दाबून दिवा बदलला नाही म्हणजे माणूस एकदा दाबतो, दुसऱ्यांदा दाबतो, आणि मग उजवीडावीकडे पाहून सरळ चालू लागतो. अधीरपणा असा शिकवला जातो.

आता थोडे इतिहासात डोकावू, कारण रस्ता मूळचा कोणाचा या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. आपणांस वाटते की सिग्नल हा मोटारींसाठी निघाला. मौज अशी की पहिला सिग्नल उभा राहिला तेव्हा मोटारी नव्हत्याच. १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ तो उभारण्यात आला. जे. पी. नाइट नावाच्या रेल्वेच्या सिग्नल अभियंत्याची ती कल्पना. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे हात वरखाली होत, आणि रात्री गॅसचा लाल-हिरवा दिवा लागे. लंडनच्या पोलीस आयुक्तांनी त्याविषयी जी सूचना काढली तिचा मथितार्थ असा होता की पायी चालणाऱ्यांना पलीकडे जाता यावे यासाठी घोडागाड्यांनी थांबावे. म्हणजे सिग्नलचा जन्म पादचाऱ्यासाठी झाला, वाहनासाठी नव्हे. तो बिचारा फार जगला नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८६९ मध्ये, गॅसचा स्फोट होऊन त्याच्यापाशी उभा असलेला पोलीस शिपाई भाजला. परंतु हेतू काय होता, ते स्पष्ट आहे.

पुढे मोटार आली आणि हा संबंध उलटा झाला. तो आपोआप झाला नाही. १९२३ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात ४२,००० नागरिकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांहून, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरांहून, अधिक वेग घेताच येणार नाही असे यंत्र बसवावे. रस्त्यावर मुले मरत होती आणि लोक संतापले होते. मोटारविक्रेत्यांनी त्याविरुद्ध जोराची मोहीम केली आणि मतदानात ती मागणी पडली. त्याच सुमारास एक शब्द रूढ करण्यात आला : 'जेवॉकर'. अमेरिकेच्या बोलीत 'जे' म्हणजे खेडवळ, गावंढळ माणूस. शहरात कसे चालावे हे ज्याला कळत नाही तो. शब्दाची ताकद पाहा. कालपर्यंत जो रस्त्याचा धनी होता, तो आज एका शिवीने अडाणी ठरला. १९२५ साली लॉस एंजल्सने नियम करून पादचाऱ्याला पट्ट्यांत आणि दिव्यांत बांधून टाकले आणि इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. असा कायदा पत्करून जवळजवळ शंभर वर्षे लोटल्यावर तेथेच फेरविचार झाला. कॅलिफोर्निया राज्यात २०२३ च्या आरंभापासून, धोका नसताना पट्ट्याबाहेरून रस्ता ओलांडणाऱ्यास दंड करणे बंद झाले. न्यूयॉर्क शहरानेही २०२४ साली असे ओलांडणे गुन्हा राहू दिले नाही.

जर्मनीची गोष्ट याहून गोड आहे. पूर्व बर्लिनमध्ये १९६१ साली कार्ल पेग्लाऊ नावाच्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र दिवा सुचवला आणि त्यात टोपी घातलेला एक ठेंगणा माणूस काढला. लाल दिव्यात तो हात पसरून उभा, हिरव्यात झपझप चालणारा. देशाचे एकीकरण झाल्यावर १९९० नंतर हे दिवे काढून पश्चिमेकडचे बसवण्याचे घाटत होते, तर त्या चिमुकल्या माणसाला वाचवण्यासाठी लोकांनी चळवळ केली आणि तो वाचला. सिग्नलसाठी नागरिकांनी चळवळ करावी! ज्या खुणेने आपल्याला वर्षानुवर्षे सुखरूप पलीकडे पोहोचवले तिच्यावर माणूस प्रेमही करतो, हे यावरून दिसते.

येथवर आम्ही पादचाऱ्याची वकिली केली. आता त्याच्या पदरातले मापही त्याला दाखवले पाहिजे, नाहीतर हे विवेचन एकांगी होईल. १९५५ साली अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरी तीन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एक माणूस कधी झकपक सुटाबुटात, तर कधी मळक्या, ठिगळ लावलेल्या कपड्यांत चौकात उभा करावयाचा, आणि थांबण्याची खूण असताना त्याने रस्ता ओलांडावयाचा. माणूस तोच, चौक तेच. परंतु तो सुटाबुटात निघाला तेव्हा त्याच्यामागून नियम मोडून जाणारे लोक कितीतरी अधिक निघाले. याचा अर्थ आपण आपल्या मनाशी नीट लावावा. रस्त्यात कोणीही एकटा पाऊल टाकीत नाही. त्याच्यामागे आडोसा धरणारे असतात, आईचे बोट धरलेली मुले असतात, आणि जो जितका शहाणासुरता, प्रतिष्ठित दिसतो त्याच्यामागे अधिक लोक असतात. निघणारा दोन उड्यांत पलीकडे जातो. गाडीखाली सापडतो तो तिसरा, ज्याने स्वतः पाहिलेच नाही. अलीकडे कानात गाणे आणि हातात मोबाइल घेऊन जे तरुण निघतात त्यांच्या घाईपेक्षा आम्हांस त्यांची ही मागची रांग अधिक भय वाटायला लावते. व्याख्यानाला येणारा समाज हा सुशिक्षित समाज म्हणवतो. म्हणून ही जबाबदारी आपल्या वाट्याला इतरांहून थोडी जास्तच येते.

आता मुख्य गणिताकडे येऊ. भिऊ नका, ते तोंडी करण्यासारखे आहे. सिग्नलची वेळ ठरवताना अनेक देशांत असे धरून चालतात की माणूस सेकंदाला एक मीटर आणि वीस सेंटिमीटर चालतो. रस्ता पंधरा मीटर रुंद असेल तर साडेबारा सेकंद पुरतात. परंतु २०१२ साली इंग्लंडमधील पासष्ट वर्षांवरील माणसांच्या चालण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की या वयाच्या पुरुषांची सरासरी गती सेकंदाला नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रियांची ऐंशी सेंटिमीटर होती. बहुसंख्य वृद्धांना ठरलेली गती गाठताच येत नव्हती. आता ऐंशी सेंटिमीटरांनी चालणारी आजी त्या साडेबारा सेकंदांत किती जाईल? दहा मीटर. हिरवा दिवा मावळला तेव्हा तिच्यापुढे अजून पाच मीटर रस्ता आहे आणि बाजूला गुरगुरणारी इंजिने आहेत. ती उशिरा निघाली नाही, रमली नाही, तिने नियम मोडला नाही. वेळ ठरवणाऱ्याने तिला हिशेबात धरले नाही, इतकेच.

सिग्नल नसलेल्या ठिकाणी गणित याहून कठोर आहे. ताशी चाळीस किलोमीटरांनी येणारे वाहन सेकंदाला अकरा मीटर कापते. ते पन्नास मीटरांवर दिसले तर साडेचार सेकंदांत अंगाशी येते. तेवढ्यात आपली ही आजी साडेतीन मीटरांच्या आसपास, म्हणजे रस्त्याची जेमतेम एक मार्गिका, चालून होईल. तेव्हा रस्ता पार व्हायचा असेल तर कोणीतरी वेग कमी केला पाहिजे, आणि वाढवता न येणाऱ्या पायांकडे ती मागणी करण्यात अर्थ नाही. मग ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याचा हिशेब पाहू. शहरातले दोन किलोमीटर अंतर चाळीसच्या वेगाने गेले तर तीन मिनिटे लागतात, तीसच्या वेगाने गेले तर चार. फरक एका मिनिटाचा! आणि पदार्थविज्ञानाचा नियम असा की वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ती चौपट होते. एका मिनिटासाठी आपण केवढी पैज लावतो, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावर, हे यातून दिसते.

येथेच या विषयाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. रस्त्यावर अधीर कोण नसतो? पायी चालणाराही असतो आणि चाकांवर बसलेलाही. परंतु पायी चालणाऱ्याच्या अधीरपणाची किंमत बहुधा तो स्वतः देतो. वाहनावरच्याच्या अधीरपणाची किंमत बहुधा दुसरा देतो. असे असूनही धीराचा उपदेश आजवर पहिल्यालाच होत आला. घाई एकाची आणि सबुरीचा पाठ दुसऱ्याला, हा न्याय नव्हे. पुढे पुढे तर आम्ही त्याला रस्त्यावरून उचलून हवेत नेले. मुंबईत २००८ साली वांद्रे स्थानकापासून पहिला स्कायवॉक सुरू झाला आणि मग त्यांची माळच लागली. स्थानकाच्या गर्दीला त्याचा उपयोग नाही असे नाही. पण मोटारीला क्षणभर थांबावे लागू नये म्हणून गुडघे दुखणाऱ्याने दोन मजले चढावेत आणि उतरावेत, या कल्पनेत कोणाचा वेळ मोलाचा मानला आहे ते सांगावयास नको.

मग करावे काय? पट्टा आखला की तेथे वाहन थांबलेच पाहिजे, आणि न थांबणाऱ्याला रोज, सर्वांसमक्ष, न चुकता दंड झाला पाहिजे; वर्षातून एका सप्ताहात नव्हे. सिग्नलचा वेळ तरण्यांच्या पायांनी न मोजता आजीच्या पायांनी मोजला पाहिजे. पदपथ हे चालण्यासाठी मोकळे असले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे की पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. हे अशक्य कोटीतले आहे असेही नाही. २०२१ साली ११ डिसेंबरला आपल्या महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला, तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध माणसे मान वर करून, दुकानांच्या वरची जुनी घरे पाहत चालली. तेथे कोणी अधीर नव्हते, कारण अधीर होण्याचे कारणच नव्हते.

हे सर्व होईल तेव्हा होईल. तोवर हातावर हात धरून बसावे असे आम्ही म्हणत नाही. विश्वास हा सरकारी आज्ञेने एका दिवसात येत नाही. तो एकेका चाकाने आणि एकेका पावलाने साठतो. आपल्यापैकी बहुतेक जण दिवसातून काही वेळ पादचारी असतात आणि काही वेळ चालक असतात. एकाच माणसाचे हे दोन वेष आहेत, पण वेष बदलला की स्मरणशक्ती जाते असा चमत्कार आपण रोज पाहतो. मागच्याने भोंगा वाजवला तरी पट्ट्याच्या अलीकडे चाक रोखून धरणे, समोर उभ्या असलेल्याला मानेने 'या' अशी खूण करणे, हे लहानसे काम आहे. पण ज्याला ती खूण मिळाली तो पुढच्या चौकात थोडा अधिक वेळ थांबतो. आणि पायी असताना, तो पाचवा गृहस्थ कडेला खिशातली चिठ्ठी चाचपीत उभा असलेला दिसला, तर आपले दोन क्षण त्याच्यासाठी ठेवून त्याच्या बरोबरीने, त्याच्या गतीने पलीकडे जावे. त्याला हात धरून ओढू नये. म्हाताऱ्या माणसाला मदत आवडते, फरफट आवडत नाही.

आता हे व्याख्यान संपेल आणि आपण सगळे एकदम बाहेर पडाल. दारातच रस्ता आहे, त्यावर रात्रीची वाहने आहेत, आणि घरी पानावर कोणी वाट पाहत आहे. तेव्हा घाई होणे स्वाभाविक आहे. आपण इतका वेळ शांतपणे बसलात. हा धीर आमच्या वक्तृत्वामुळे टिकला असा आमचा गैरसमज नाही. घड्याळ समोर होते, अध्यक्ष बाजूला होते, आणि ठरल्या वेळी वक्ता थांबेल याची आपणांस खात्री होती. म्हणून आपण थांबलात. तेव्हा ती खात्री खरी करून आम्ही आपली रजा घेतो.